मृदंगाचा अर्ज

माझं नाव नम्रता, पण तो गुण नावापुरताच. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, आधारवरचा पत्ता, सातबारा, परीक्षांचे फॉर्म, सगळं. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकेपर्यंत माझे निम्मे रकाने भरून झालेले असतात. लोक फार बोलतात. फॉर्मला लागतं त्याच्या दहापट बोलतात, आणि मी त्यांना मध्येच तोडते. वीस वर्षांत हात असा बसलाय की कुठल्या रकान्यात काय येणार हे मला विचारावंच लागत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. होता म्हणते, कारण मध्ये यमुनाबाई आल्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिमगा नुकताच आटपला होता. पंचाहत्तरीची एक बाई दुकानात शिरली. ठेंगणी, काटक, पदर कमरेला खोचलेला आणि हातात आंब्याच्या डब्यांचं चित्र छापलेली जुनी पिशवी. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कॅनिंगच्या कारखान्यात त्यांनी तीस हंगाम आंबे कापले होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की हे काम पेन्शनचं आहे.

"बोला मावशी. हयातीचा दाखला?" मी म्हटलं, आणि फॉर्म उघडलासुद्धा.

"माजा नको," त्या म्हणाल्या. "माज्या बापसाचा कागद काढायचा हाय. जर्मनीतला."

माझा हात की-बोर्डवर तसाच राहिला. जर्मनीचा फॉर्म माझ्याकडे नव्हता. मी नाइलाजाने त्यांना बोलू दिलं.

त्यांचे वडील रामा सोनू, पावसजवळच्या एका वाडीतले. आगबोटीवर आगवाला होते, म्हणजे अगदी तळाशी बॉयलरसमोर उभं राहून भट्टीत कोळसा मारणारे. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा ते एका विलायती मालवाहू बोटीवर होते. एकेचाळीस साली जर्मनांनी भर समुद्रात बोट बुडवली, वाचलेल्या माणसांना वर उचललं आणि उत्तर जर्मनीतल्या खलाशांच्या छावणीत नेऊन कोंडलं. चार वर्षं ते तिथे होते.

"आणि तिथं बाबान मृदंग मागितलान," यमुनाबाई म्हणाल्या.

"काय मागितलं?"

"मृदंग गो. शिमग्यासाठी."

कैद्यांची विचारपूस करायला म्हणे रेडक्रॉसचा एक साहेब छावणीत आला होता. काय हवं नको ते सांगा, म्हणाला. कुणी गरम मोजे मागितले, कुणी हळद-मिरची. रामा सोनूने मृदंग मागितला. आणि पुढे म्हणे तो आलाही. मग कोकणातल्या खलाशांनी गुडघाभर बर्फात शिमगा केला. सामानाच्या खोक्याची पालखी केली, खांद्यावर घेऊन नाचवली, आणि बंदूकवाले जर्मन शिपाई तोंडात बोट घालून बघत राहिले.

मी यमुनाबाईंकडे बघितलं. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं.

"सगळी वाडी हसायची," त्या म्हणाल्या. "बाबाला 'जर्मन' नाव पाडलेलं. बाबा गोष्टी सांगायचेच तशा. मला म्हणायचे, यमे, मी तुज्यापेक्षा एकाच वर्षान मोठा. म्हणायचे, तुज्या आयशीशी दोनदा लगीन लावलंय मी. असल्या बाबाची जर्मनी कोन खरी मानणार?"

त्या बारा वर्षांच्या असताना शिमग्याची पालखी त्यांच्या अंगणात आली होती. सगळी वाडी जमलेली, मुंबईवाले आलेले, आणि रामा सोनू दरवर्षीप्रमाणे बर्फातल्या पालखीची गोष्ट सांगायला लागले. नेमकं त्याच आठवड्यात शाळेत मास्तरांनी यमुनेला सगळ्या वर्गासमोर 'जर्मनची मुलगी' म्हणून उभं केलं होतं. ती अंगणात सगळ्यांदेखत ओरडली, "बाबा, पुरे झाल्या थापा."

"बाबा काय बोलले?" मी विचारलं. फॉर्मला न लागणारी गोष्ट मी आपणहून विचारली, हे माझ्या लक्षात आलं.

"कायच नाय. हसले. म्हणाले, बरां बाय. आणि जन्मात परत कंदी ती गोष्ट सांगितली नाय. वीस वर्षं जगले त्याच्यामागारी. मी एकदा तरी म्हणायचं व्हतं, सांगा हो बाबा. नाय म्हटलं." त्यांनी पिशवीतून फणसपोळीचा पुडा काढून माझ्यापुढे ठेवला. "कागद मिळाला तर त्याच अंगणात वाचायचाय मला. सगळ्यांच्या पुढ्यात. तेवडंच ऱ्हायलंय माजं."

आता एवढं ऐकल्यावर हाकलून कसं देणार? युद्धकैद्यांची कार्डं सांभाळणारे संग्रह परदेशात आहेत, हे मी रात्री घरी बसून शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज भरला. नाव रामा. वडिलांचं नाव सोनू. धंदा आगवाला. जिल्हा रत्नागिरी. जन्मसाल कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा मी आपली बेरीज-वजाबाकी करून एकोणीसशे बारा घातलं. बाकीचे रकाने सवयीने भरून टाकले आणि दहा मिनिटांत अर्ज पाठवला.

उत्तर यायला आठ महिने लागले. या नावाची व्यक्ती आमच्या नोंदींत नाही. मी दुसऱ्या संग्रहाकडे अर्ज केला, तिथूनही नकार आला. तिसरीकडे केला. या सगळ्या काळात यमुनाबाई दर गुरुवारी यायच्या. मिरजोळ्याची बस पकडून यायच्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या आणि "आला काय गो?" एवढंच विचारायच्या. मी नाही म्हटलं की तासभर थांबून माझी गिऱ्हाइकं न्याहाळायच्या. माझ्या तोंडाला घाबरून गप्प बसलेल्यांना पाणी द्यायच्या. एकदा एका आजोबांना मी हयातीच्या दाखल्यावरून झापत होते, तेव्हा म्हणाल्या, "बाय, माणूस जित्ता हाय हे तुला समोर दिसतंय ना? मग आवाज कशाला चढवतेस?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, पण नंतर.

तिसरा नकार गेल्या उन्हाळ्यात आला. त्या दिवशी सर्व्हर बंद, वीज जाऊन-येऊन, आणि परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख. यमुनाबाईंनी विचारलं, "आला काय गो?" आणि माझा तोल सुटला.

"आला," मी म्हटलं. "नाही म्हणून आला. मावशी, तीन ठिकाणी विचारलं. कागद खोटं बोलत नाहीत. मला वाटतं तुमच्या वडिलांनी…"

"थाप मारलानी," त्यांनी वाक्य पुरं केलं. मग पिशवीची घडी घातली, उठल्या. दारात जरा थांबल्या. "मी बारा वर्षांची व्हते गो. तू पंचेचाळीसची हायस."

त्यानंतरच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर लोक बसायचे आणि मला उगाच त्यांचा राग यायचा. टेबलाच्या खणात त्यांनी शेवटी आणलेली अर्धा पुडा फणसपोळी होती, ती मी खाल्ली नाही आणि टाकलीही नाही. शेवटी भाद्रपदात एका रविवारी मी मिरजोळ्याला त्यांच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या गौरी-गणपतीला माहेरी गेल्यात, पावसकडे. मी तशीच पुढची बस पकडली.

वाडीत घर सापडायला वेळ लागला नाही. 'जर्मनांचं घर कुठलं' असं विचारावं लागलं, एवढंच. चिरे रचून केलेल्या गडग्यामागे सारवलेलं अंगण, ओटीवर गणपती, बाजूला गौरीचे मुखवटे. यमुनाबाईंचे धाकटे भाऊ आप्पा खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. पंचाहत्तरीचे, उघडेबंब, मिशा पांढऱ्या.

"तुमी अर्जवाल्या बाई," ते म्हणाले. "या. सरकार सोता घरी आलं म्हणजे आमचा कायतरी गुन्हा असणार."

यमुनाबाई आतून आल्या. माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मला माफी मागायची होती. पण मला माफी मागायची सवय नाही, सवय आहे ती फॉर्म भरायची. म्हणून मी पर्समधून अर्जाची प्रत काढली आणि म्हटलं, "एकदा परत तपासून बघू या. वडिलांचं जन्मसाल मी अंदाजाने बारा धरलंय. कुणाला नक्की माहीत आहे?"

"कोनाचा जन्म?" ओटीच्या कोपऱ्यातून आवाज आला.

तिथे नव्वदीची एक म्हातारी भिंतीला पाठ लावून वाती वळत बसली होती. ही गंगुबाई, रामा सोनूची चुलतबहीण. तिला हर्णैला दिली होती. सासरी मासळीचा व्याप मोठा, त्यामुळे माहेरी यायची ती सणापुरती, आणि आली की लिलावातल्यासारखी मोठ्याने बोलायची.

"बाबाचा, आत्ये," यमुनाबाई म्हणाल्या.

"रामाचा? रामाचा जन्म सेहेचाळीसचा. माघातला."

आप्पांची सुपारी कातरायची थांबली. "आत्ये, ताय सत्तेचाळीसची हाय. बापूस तिच्यापेक्षा एका वर्षान मोठा व्हता काय?"

"व्हय," गंगुबाई म्हणाली. "मी धा वर्षांची व्हते. पाळण्याची दोरी मीच ओढलेली."

म्हातारीला भ्रम झालाय असं आम्हा तिघांनाही वाटलं. ती मात्र वाती वळत शांतपणे सांगत गेली, आणि मी पहिल्यांदाच कुणाला मध्ये तोडलं नाही.

बोट बुडाल्याचं कंपनीचं पत्र घरी आलं होतं. माणसं बेपत्ता, एवढंच त्यात होतं. छावणीतून लिहिलेली कार्डं कधी वाडीपर्यंत पोचलीच नाहीत. वर्षभर वाट बघून घरच्यांनी दर्भाचा माणूस केला, त्याला अग्नी दिला, बारावं-तेरावं केलं. बायकोचं, म्हणजे हौसाचं, कुंकू पुसलं. आणि पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर एका दुपारी हा माणूस घोट्यापर्यंत लोंबणारा विलायती डगला घालून अंगणात येऊन उभा राहिला. त्याची आई बेशुद्ध पडली. म्हातारा सोनू काठी घेऊन धावला, मारायला की आधाराला ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"दिवस घातलेला माणूस घरात घ्यायचा कसा?" गंगुबाई म्हणाली. "सगळ्यांनी भटजीला इचारलं. भटजी म्हणाले, सोय हाय शास्त्रात. मेला तो मेला. ह्याला नवा जन्म द्या."

मुहूर्त निघेपर्यंत रामा सोनू बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, राहिला. तिथेच त्याला लांबून भात वाढायचे. माघात मुहूर्त लागला. त्याला तूप लावून न्हाऊ घातलं. पस्तिशीतल्या बाप्याला मावेल असा पाळणा कुठून आणणार? म्हणून मांगराच्या वाशाला जाडजूड रग बांधून झोळी केली. आत तो, मिशांसकट. मध चाटवला. बायकांनी पाळणा म्हटला, कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या.

"मी दोरी ओढत व्हते, आणि तो हसून हसून आडवा," गंगुबाई म्हणाली. "त्या हसण्यान झोळी तुटली. बाळ दणकन खाली. भटजी म्हणाले, रडला नाय, म्हणजे पोर दांडगं हाय. मग आठ दिवसांनी त्याच मांडवात हौसाशी त्याचं लगीन लावलं. नवीन माणूस, तर लगीन नको काय?"

आप्पा मांडीवर थाप मारून हसत होते. यमुनाबाई हसत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत होत्या.

"म्हणजे एका वर्षान मोठा," त्या म्हणाल्या. "आणि आयशीशी दोनदा लगीन. ह्या थापा नव्हत्या आत्ये?"

"कसल्या थापा? मी सोता घुगऱ्या खाल्ल्यात. पन दिवस घातल्याचं अशुभ, तां पोरांपुढं कोन काढणार?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी अर्जाची प्रत उघडली. सातवा रकाना: इतर किंवा पूर्वीची नावे असल्यास. तिथे माझ्याच हाताने टाइप केलेलं होतं, 'लागू नाही'. तिन्ही अर्जांत. यमुनाबाईंना न विचारता. विचारलं असतं तरी त्यांना ठाऊक नव्हतं म्हणा, पण मी विचारलं नव्हतं हे खरं. ज्या माणसाला सगळं गाव ओळखतं त्याचं नाव काय, हे कोण कशाला विचारील?

"गंगुआजी," मी म्हटलं, "सेहेचाळीसच्या आधी त्यांचं नाव काय होतं?"

म्हातारीचे हात थांबले. "ते नाय सांगायचं."

"का?"

"भटजींनी सांगितलान. त्या नावाचा माणूस जाळलाय. ते नाव परत घेतलं तर मरण त्याला हुडकत येईल. आमी सगळ्या पोरींनी देवळात शपथ घेतलेली."

"आत्ये, बाबा जाऊन पंचेचाळीस वर्षं वर झाली," आप्पा म्हणाले. "आता मरण कोनाला हुडकणार?"

"शपथ ती शपथ."

आप्पांनी विनवलं, मी कायदा सांगितला, कशाचा काही उपयोग झाला नाही. ऐंशी वर्षं पाळलेली शपथ ती माझ्या फॉर्मसाठी कशाला मोडेल? मग यमुनाबाई उठल्या. गंगुबाईच्या पुढ्यात जाऊन बसल्या, तिच्या हातातली वात काढून घेतली.

"आत्ये, आयचं लगीन दोनदा झालं ना?"

"झालं."

"मग उखाणा पन दोनदा घेतला असंल. तू ऐकलास?"

गंगुबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचं बोळकं हळूहळू हसायला लागलं. "दुसरा मी सोता ऐकला. पयला तुज्या आयनच मला शिकवलान, बोट गेल्यावर. दोगी मांगरात बसून म्हणायचो. तो बोलते. नाव हौसान घेतलंन, मी नाय." आणि ओटीवर नव्वदीची म्हातारी नव्या नवरीसारखी मान खाली घालून म्हणाली:

"माडाला लागले नारळ, पोफळीला सुपारी,
भागोजीरावांचं नाव घेते, बोट सुटते दुपारी."

यमुनाबाईंनी ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना वडिलांचं नाव कळत होतं.

"आणि दुसरा?" मी विचारलं. दुसऱ्याची फॉर्मला काहीच गरज नव्हती.

"एकाच घरात दोनदा ओलांडलं माप,
रामरावांचं नाव घेते, फिटला दर्याचा शाप."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आप्पा म्हणाले. "गोऱ्या साहेबांना तीन वर्षं पत्रं धाडलीत, आणि नाव आमच्या ओटीवर वाती वळत बसलेलं."

निघताना गडग्यापाशी मी यमुनाबाईंना म्हटलं, "मावशी, मी तेव्हा बोलले ते चुकलं. माफ करा." एवढंसं वाक्य, पण घाम फुटला मला.

"केलं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येते."

गुरुवारी नवा अर्ज भरला. त्याला दोन तास लागले, कारण मी प्रत्येक रकाना विचारला आणि उत्तर संपेपर्यंत थांबले. नाव भागोजी सोनू. नंतरचं नाव रामा. बायकोचं नाव हौसा. नाव बदलण्याचं कारण या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना. शेवटी 'पुनर्जन्म' लिहिलं, त्याखाली सगळी हकिकत लिहिली, आणि जागा अपुरी पडली म्हणून वेगळा कागद जोडला.

उत्तर माघात आलं. ते पाहून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि यमुनाबाईंना फोन केला. त्या पुढच्या बसने आल्या. यावेळी "आला काय गो?" विचारलं नाही. खुर्चीत बसल्या आणि पिशवी घट्ट धरून ठेवली.

मी मराठी करून वाचत गेले. भागोजी सोनू, आगवाला, वय एकोणतीस, जिल्हा रत्नागिरी. बायको हौसा. एकेचाळीस साली समुद्रात पकडला. कैदी क्रमांक अमुक. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये सुटका. खाली अंगठ्याच्या ठशाची प्रत होती. यमुनाबाईंनी त्या ठशावर आपला अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "केवडा मोठा व्हता बाबाचा हात. एवड्याशा रकान्यात मावला नाय."

मग दुसरं पान होतं. छावणी पाहायला आलेल्या साहेबाच्या अहवालातलं, त्रेचाळीसच्या डिसेंबरातलं. हिंदी खलाशांच्या मागण्या: गरम मोजे, हळद, सुक्या मिरच्या. आणि खलाशांच्या वतीने बोलणाऱ्या भागोजी सोनू याने मार्च महिन्यातल्या त्यांच्या सणासाठी एक ढोलासारखं वाद्य मागितलं आहे. मागणी वरच्यांना कळवतो, असं साहेबाने लिहिलं होतं.

"परत वाच," यमुनाबाई म्हणाल्या. मी वाचलं. "परत." मी तिसऱ्यांदा वाचलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि दोन्हीसाठी एकच पदर वापरत होत्या.

"तीस वर्षं आंबे कापले मी," त्या म्हणाल्या. "वरून पिवळाधमक आंबा आत साक्यान पांढराफटक निघतो, आणि वरून डागी आंबा आत केशरी. कापल्याबिगर कळत नाय, हे मी शंभर पोरींना शिकवलं. आणि माज्या बापसाला मी न कापताच फेकलं."

"बारा वर्षांच्या होतात मावशी," मी म्हटलं.

यंदाच्या शिमग्याला त्यांनी मला आणि माझ्या कागदांना बोलावून घेतलं. पालखी संध्याकाळी उन्हं कलताना अंगणात आली. सगळी वाडी होती, मुंबईवाले होते, गंगुबाईला हर्णैहून गाडी करून आणली होती. पूजा झाली, नारळ झाले, पालखी नाचवणारे घाम पुसत ओट्यावर टेकले. तेव्हा यमुनाबाई अंगणाच्या मध्ये, बारा वर्षांची यमुना जिथे उभी होती तिथेच जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्याच जागेवर मी माज्या बाबाला थापाड्या म्हटलेलं," त्या म्हणाल्या. "बाबा खरं बोलत व्हता. मी खोटी ठरले. हा घ्या कागद." आणि मला म्हणाल्या, "वाच गो."

मी वाचलं. पाळण्याची गोष्ट तोवर वाडीभर झालीच होती, त्यामुळे 'वय एकोणतीस' आल्यावर कुणीतरी मागून "उणे पाच म्हणा, जन्म सेहेचाळीसचा" म्हणालं आणि हशा पिकला. पण मृदंगाच्या ओळीला सगळे पुढे सरकले. पालखीबरोबरच्या मृदंगवाल्याने आपल्या मृदंगावर नुसता हात ठेवला.

आप्पांनी घसा खाकरला. जन्मभर 'जर्मनचा झिल', म्हणजे जर्मनचा पोरगा, म्हणवून घेतलेला माणूस, त्याला शेवटपर्यंत खात्री करून हवी होती. "बाई," ते मला म्हणाले, "मागितलान, तां कळलं. पन मिळाला काय मृदंग?"

मी पान उलटून बघितलं. मागे कोरं होतं. पुढच्या वर्षीच्या भेटीचा अहवाल संग्रहात नाही, असं उत्तरात स्पष्ट लिहिलं होतं. "कागदात नाही," मी म्हटलं. "मिळाला की नाही, त्याचा पुरावा नाही."

अंगण यमुनाबाईंकडे बघायला लागलं. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाबा सांगायचे, मिळाला," त्या म्हणाल्या. "म्हणजे मिळाला."

मग पदर खोचला, मृदंगवाल्याला हाताने खूण केली, आणि खोक्याची पालखी कशी बांधली इथपासून त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी कागदाची घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवली आणि गंगुबाईशेजारी ऐकायला बसले.